न्यूट्रोफिल किती पेटतात ते ल्युमिनॉलने कसं मोजायचं

सीबीसीचा रिपोर्ट पांढऱ्या पेशी किती आहेत ते सांगतो, त्या कामाच्या आहेत का ते नाही सांगत. एखाद्या पोराचे न्यूट्रोफिल (जंतू गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) नॉर्मलपेक्षा जास्तच असतात आणि तरी सारखं कुठेतरी गळू, लिव्हरमध्ये पू, बुरशीचा न्यूमोनिया चालूच, कारण पेशी जंतू गिळतायत पण आत मारता येत नाहीये. हे "मारणं" मोजायचे जे मार्ग आहेत त्यातला एक स्वस्त आणि कमी रक्तात होणारा म्हणजे केमिल्युमिनेसन्स, मराठीत सांगायचं तर पेशींना डिवचायचं आणि किती उजेड पडतो ते मोजायचं. प्लेट रीडर (उजेड मोजणारं मशीन) आहे, ल्युमिनॉल (ऑक्सिडाइज झालं की चमकणारं केमिकल) आहे, झालं काम, असं वाटतं. होतंही. पण आलेल्या आकड्याचा अर्थ लावताना लोक जाम गंडतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी उजेड येतो कुठून ते बघू, कारण पुढचे सगळे कंट्रोल यावरच उभे आहेत. न्यूट्रोफिलने काही गिळलं किंवा त्याला केमिकलने चेतवलं की मेम्ब्रेनवर एनएडीपीएच ऑक्सिडेजचे सुटे भाग एकत्र जुळतात, ते ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड बनवतात, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि मग मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम, ज्याला सगळे एमपीओ म्हणतात, ते पेरॉक्साइड आणि क्लोराइड घेऊन हायपोक्लोरस ॲसिड करतं, म्हणजे ब्लीचच. (पू हिरवट दिसतो तो याच एमपीओच्या रंगामुळे.) या सगळ्या भानगडीत थोडा उजेड आपोआप पडतो, १९७२ मध्ये रॉबर्ट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा पकडला, पण तो फारच मंद असतो. १९७६ मध्ये ॲलन आणि लूज यांनी सशाच्या मॅक्रोफेजमध्ये ल्युमिनॉल टाकून तो उजेड कितीतरी वाढवला आणि तिथून ही टेस्ट रुळली. ल्युमिनॉल ऑक्सिडाइज होताना साधारण ४२५ नॅनोमीटरचा निळा उजेड देतं. हा ४२५ आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. न्यूट्रोफिलमध्ये ल्युमिनॉलचा उजेड मुख्यतः एमपीओच्या वाटेने येतो. म्हणजे तुम्ही "सुपरऑक्साइड मोजलं" असं लिहित असाल तर ते चूक आहे, तुम्ही ऑक्सिडेज आणि एमपीओ दोघांचं मिळून काम मोजलंय, आणि दोघांपैकी एक जरी ढेपाळलं तरी उजेड पडतो कमीच.

रक्त. हिरव्या झाकणाची हेपारिनची ट्यूब घ्या. जांभळी ईडीटीए नको, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि पेशीला चेतायला कॅल्शियम लागतं, सायट्रेटचंही तेच. करड्या झाकणाची तर अजिबात नको, त्यातलं फ्लोराइड ग्लुकोज जाळणंच थांबवतं आणि ऑक्सिडेजला इलेक्ट्रॉन पुरवणारं एनएडीपीएच ग्लुकोजपासूनच बनतं. सॅम्पल फ्रीजमध्ये ठेवू नका, रूम टेम्परेचरलाच ठेवा आणि शक्यतो चार तासांच्या आत लावा, न्यूट्रोफिल काही टिकाऊ माल नाही. पेशंटचं सॅम्पल बाहेरगावाहून येणार असेल तर त्याच वेळी, त्याच हाताने, त्याच प्रकारच्या ट्यूबमध्ये एका निरोगी माणसाचंही रक्त घ्यायला सांगा आणि दोन्ही एकाच डब्यातून येऊ द्या. एसटीच्या पार्सलमध्ये उन्हात तापलेलं सॅम्पल आणि लॅबमधल्या सहकाऱ्याचं ताजं रक्त यांची तुलना करून कुणाच्या पोराला आजार चिकटवायचा नसतो. रिसर्चसाठी घेत असाल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती आधी, हे वेगळं सांगायला नको.

बफर म्हणजे एचबीएसएस (पेशींना मानवणारं क्षारांचं पाणी), कॅल्शियम मॅग्नेशियम ग्लुकोज असलेला, पीएच ७.४, पण फिनॉल रेड नसलेला, रंग नकोच आहे आपल्याला. बाटलीवर सोडियम अझाइड लिहिलेलं नाही ना ते बघा, बरेच रिएजंट खराब होऊ नयेत म्हणून त्यात अझाइड टाकतात आणि अझाइड एमपीओला सरळ बंद पाडतं.

ल्युमिनॉल पाण्यात नीट विरघळत नाही, डीएमएसओमध्ये विरघळतं. मॉलिक्युलर वजन १७७.१६, म्हणजे ८.८६ मिग्रॅ १ मिली डीएमएसओमध्ये टाकलं की ५० मिलिमोलर स्टॉक. छोटे छोटे अलिकॉट करून फॉइल गुंडाळून फ्रीजरमध्ये. वापरायच्या दिवशी यातले ८० मायक्रोलिटर १० मिली कोमट एचबीएसएसमध्ये, हे झालं ४०० मायक्रोमोलर, वेलमध्ये (प्लेटवरच्या एका खळग्यात) चौपट पातळ होऊन १०० राहील आणि डीएमएसओ फक्त ०.२ टक्के.

चेतवायला काय घ्यायचं? तीन नेहमीचे यशस्वी आहेत. पीएमए, एफएमएलपी आणि ऑप्सोनाइज्ड (सीरमचा लेप दिलेलं) झायमोसान. पीएमए रिसेप्टर वगैरे सगळं टाळून थेट आतल्या प्रोटीन कायनेज सी ला जाऊन भिडतं, त्यामुळे ऑक्सिडेज धड आहे का याचं उत्तर मिळतं. एफएमएलपी हा बॅक्टेरियाच्या तुकड्यासारखा पेप्टाइड, रिसेप्टरमधून जातो, शेवटची मात्रा साधारण १ मायक्रोमोलर. झायमोसान म्हणजे यीस्टच्या भिंतीचे कण, ते पेशीला खरोखर गिळावे लागतात, म्हणून प्रत्यक्ष शरीरात जे होतं त्याच्या जवळ जाणारं हेच. फरक असा की एफएमएलपी म्हणजे लवंगी, मिनिटभरात फट् होऊन संपली, आणि पीएमए म्हणजे भुईनळा, जरा थांबून पेटतो आणि मग बराच वेळ चालतो.

पीएमए १ मिग्रॅची कुपी येते, त्यात १.६२ मिली डीएमएसओ टाकलं की १ मिलिमोलर. यातले २ मायक्रोलिटर ५ मिली बफरमध्ये, झालं ४०० नॅनोमोलर, वेलमध्ये १००. ऐनवेळी बनवा, प्लास्टिकला चिकटतं ते. आणि हातमोजे घाला, पीएमए ट्यूमर वाढवणारं केमिकल आहे आणि डीएमएसओ त्याला कातडीतून आत घेऊन जातं, हे "थोडंसंच आहे" म्हणून सोडायचं प्रकरण नाही.

झायमोसान मात्र एक दिवस आधीच करून ठेवा. सलाइनमध्ये कालवून १५-२० मिनिटं उकळत्या पाण्यात, मग धुवून, चार-पाच निरोगी लोकांच्या एकत्र केलेल्या ताज्या सीरममध्ये ३७ अंशाला अर्धा तास हलवत ठेवायचं, म्हणजे कॉम्प्लिमेंट (सीरममधली, जंतूंवर खूण करणारी प्रोटीन) आणि अँटिबॉडी कणांवर बसतात, परत धुवायचं, अलिकॉट करून उणे २० ला. सीरम ताजं किंवा नीट गोठवलेलं हवं, ५६ अंशाला तापवलेलं घेतलं तर कॉम्प्लिमेंट गेलं. वापरताना २ मिग्रॅ प्रति मिली, वेलमध्ये ०.५. गुठळ्या असतात त्यात, बारीक सुईतून दोनचार वेळा काढा.

पेशी दोन प्रकारे वापरता येतात, वेगळ्या काढून किंवा थेट रक्तातून.

वेगळ्या काढायच्या तर ५ मिली रक्त, तेवढंच ३ टक्के डेक्स्ट्रान, अर्धा तास उभं ठेवा, लाल पेशी खाली बसतात. वरचं द्रव १.०७७ घनतेच्या फिकॉल नावाच्या द्रवावर अलगद सोडा, ४०० जी, ३० मिनिटं, सेंट्रीफ्यूजचा ब्रेक बंद. खालच्या पेलेटमध्ये (तळाशी बसलेल्या थरात) न्यूट्रोफिल आणि उरलेल्या लाल पेशी असतात. त्या फोडायला ०.२ टक्के मिठाचं पाणी ३० सेकंद, लगेच तेवढंच १.६ टक्के, म्हणजे परत ०.९ झालं. ३० सेकंद म्हणजे ३०च, फोन आला म्हणून थांबलात तर न्यूट्रोफिलही फुटतात. मग २५० जी वर धुवा आणि कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये ठेवा, कॅल्शियमवाला बफर प्लेटच्या वेळीच, नाहीतर पेशी एकमेकींना चिकटून गोळा होतो. व्होर्टेक्स करायचं नाही, नुसत्या धक्क्यानेही पेशी चेततात आणि मग तुमचा "काहीच न टाकलेला" वेल सुद्धा चमकायला लागतो. पाणी आणि प्लास्टिक एंडोटॉक्सिन नसलेलं हवं, त्याचंही तेच कारण. ट्रायपॅन ब्लूने जिवंत ९५ टक्क्यांच्या वर आहेत का बघा आणि एक स्मिअर लीशमनने रंगवून मायक्रोस्कोपखाली बघा, ही दहा मिनिटं वाचवू नका. ॲलर्जी, जंत, दमा असलेल्या माणसाच्या रक्तात इओसिनोफिल चिक्कार असतात, ते याच पेलेटमध्ये येतात, त्यांचा स्वतःचा ऑक्सिडेज आणि स्वतःची पेरॉक्सिडेज असते, त्यामुळे तुम्ही न्यूट्रोफिल म्हणून भलत्याचाच उजेड मोजत बसाल.

लाल पेशी शिल्लक राहिल्या तर? टीव्हीवरच्या गुन्हेगारी सिरीयलमध्ये ल्युमिनॉल फवारून रक्ताचे डाग शोधतात ना, ते हीममुळे होतं. म्हणजे फुटलेल्या लाल पेशी खोटा उजेड देऊ शकतात, आणि उलट लाल पेशीतलं कॅटलेज पेरॉक्साइड खाऊन खरा उजेड कमी करू शकतं. आकडा कुठल्या बाजूला घसरेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून पेलेट गुलाबी दिसला तर लाल पेशी परत एकदा फोडा.

थेट रक्तातून करणं खूप सोपं, लहान मुलांसाठी तर हेच बरं. रक्त एचबीएसएसमध्ये १ ला २५ पातळ करायचं, त्यातले १०० मायक्रोलिटर वेलमध्ये, म्हणजे वेलमध्ये फक्त ४ मायक्रोलिटर रक्त. पेशंटचे न्यूट्रोफिल ४००० प्रति मायक्रोलिटर असतील तर वेलमध्ये १६,००० पेशी झाल्या. इन्फेक्शनमुळे १२,००० असतील तर ४८,०००, आणि उजेड नुसत्या संख्येमुळेच तिप्पट येणार. म्हणून त्याच ट्यूबचा सीबीसी आणि डिफरेन्शियल लावून उजेडाला न्यूट्रोफिलच्या संख्येने भागायचंच.

पण थेट रक्ताच्या पद्धतीत एक खोच आहे जी आपल्याकडे फार महत्त्वाची. हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपास उजेड सगळ्यात जास्त शोषतं, आणि ल्युमिनॉल देतं ४२५ ला. म्हणजे लाल पेशी तुमचा उजेड गिळतात. ज्याचं हिमोग्लोबिन ७ आहे त्याच्या रक्तात उजेड कमी गिळला जातो, ज्याचं १५ त्याच्यात जास्त, आणि मग ॲनिमियावाल्या पेशंटचे न्यूट्रोफिल "जास्त ॲक्टिव्ह" दिसतात. आपल्याकडे ॲनिमिया किती आहे ते सांगायची गरज नाही. यावर उपाय म्हणजे दोन पातळीवर लावा, १ ला २५ आणि १ ला ५०. दोन्हीकडे दर न्यूट्रोफिलमागे उजेड सारखा आला तर ठीक, जास्त पातळ केल्यावर दर पेशीमागचा उजेड वाढला तर समजायचं की रक्त उजेड खात होतं, अजून पातळ करा.

प्लेट पांढरी अपारदर्शक, ९६ वेलची. काळी घेतली तर शेजारच्या वेलचा उजेड कमी झिरपतो पण सिग्नलही कमी येतो, मी पांढरीच घेतो आणि पेशंट आणि पीएमएचे चमकणारे वेल यांच्यामध्ये एक ओळ मोकळी सोडतो. पांढरी प्लेट ट्यूबलाइटखाली राहिली की स्वतःच थोडा वेळ चमकते, म्हणून रीडरमध्ये ठेवून पाचेक मिनिटं अंधारात बसू द्या. रीडर अर्धा तास आधी ३७ अंशाला लावून ठेवा.

वेलमध्ये १०० मायक्रोलिटर पेशी, वेगळ्या काढलेल्या असतील तर २० लाख प्रति मिली म्हणजे वेलमध्ये २ लाख, त्यावर ५० ल्युमिनॉल, पाच मिनिटं नुसतंच वाचा, हा बेसलाइन. मग ५० स्टिम्युलस, आणि दर मिनिटाला एकदा असं ६० ते ९० मिनिटं. प्रत्येक गोष्ट तीन वेलमध्ये. गेन (मशीनची सिग्नल वाढवायची सेटिंग) फिक्स ठेवा, ऑटोवर सोडलात तर दोन दिवसांच्या प्लेटची तुलना विसरा. आणि हे बघा की पूर्ण प्लेटवर एका वेलला एक सेकंद म्हटलं तरी एक फेरी दीड मिनिटाच्या पुढे जाते, तेवढ्यात एफएमएलपीचा पीक येऊन गेलेला असतो, त्यामुळे एफएमएलपीसाठी इंजेक्टर हवाच आणि एकावेळी थोडेच वेल. इंजेक्टर नसेल तर एफएमएलपी सोडून द्या, पीएमए आणि झायमोसानवर भागवा.

कंट्रोल वेल कंजूषी करून कापू नका. ल्युमिनॉल आणि बफर नुसतं. ल्युमिनॉल, बफर, पीएमए पण पेशी नाहीत. पेशी आहेत पण स्टिम्युलसऐवजी तेवढंच डीएमएसओ. पेशी, पीएमए आणि १० मायक्रोमोलर डीपीआय (ऑक्सिडेज बंद पाडणारं केमिकल), दहा मिनिटं आधी टाकून ठेवलेलं, यात उजेड जवळजवळ मरायला हवा, नाही मेला तर तो उजेड ऑक्सिडेजचा नाही. पेशी, पीएमए आणि १ मिलिमोलर अझाइड, यातली घसरण म्हणजे एमपीओचा वाटा. आणि एक मस्त जोडी, एसओडी (सुपरऑक्साइड संपवणारं एन्झाइम) आणि कॅटलेज (पेरॉक्साइड संपवणारं). हे दोन्ही मोठे प्रोटीन पेशीच्या आत शिरत नाहीत पण ल्युमिनॉल शिरतं, त्यामुळे ही जोडी टाकल्यावर जो उजेड उरतो तो पेशीच्या आतला. उलट फक्त बाहेरचं सुपरऑक्साइड हवं असेल तर आयसोल्युमिनॉल आणि सोबत हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज वापरा, ते आत फारसं जात नाही आणि एमपीओवर अवलंबूनही राहत नाही. ल्युसिजेनिनही लोक वापरतात, पण ते स्वतःच इलेक्ट्रॉन इकडून तिकडे फिरवून जास्तीचं सुपरऑक्साइड बनवू शकतं, मी तरी टाळतो.

आता कर्व्ह वाचायचा. मशीन जे आरएलयू (उजेडाचं सापेक्ष माप) देतं त्याला स्वतःचं काही मोल नाही, शेजारच्या लॅबचं मशीन दुसराच आकडा देईल. पीकची उंची, पीकला लागलेला वेळ आणि कर्व्हखालचं क्षेत्रफळ, तिन्ही काढा आणि त्याच दिवशीच्या निरोगी सॅम्पलच्या टक्केवारीत लिहा. नुसता पीक सांगणाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही, कारण पीक तेवढाच पण वीस मिनिटं उशिरा, हीसुद्धा माहितीच आहे.

पीएमए चांगला आणि झायमोसान पडलेला असेल तर ऑक्सिडेज धड आहे, गडबड गिळण्यात, रिसेप्टरमध्ये किंवा सीरममध्ये. मग पेशंटच्या सीरमने एक झायमोसान आणि निरोगी सीरमने दुसरं, असं करून पेशी आणि सीरम वेगळे पाडता येतात. दोन्ही सपाट असतील तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस डिसीज, म्हणजे सीजीडी, ज्यात जन्मतःच ऑक्सिडेज चालत नाही, तो डोक्यात यायला हवा, पण लगेच शिक्का मारायचा नाही, कारण एमपीओ जन्मतः नसलेल्या माणसातही ल्युमिनॉलचा उजेड कमीच येतो आणि तो माणूस बहुतेक वेळा ठणठणीत असतो. इथे आयसोल्युमिनॉल लावा, एमपीओ नसलेल्यात ते उजळतं, सीजीडीत नाही. शिवाय सीजीडीचा जो प्रकार आईकडून एक्स क्रोमोसोमवरून येतो त्यात आईच्या रक्तात दोन जातीच्या पेशी मिसळलेल्या असतात, काही पूर्ण चालणाऱ्या, काही पूर्ण बंद. ल्युमिनोमीटर सगळ्यांची सरासरी देतो, त्याला हे कळत नाही. फ्लो सायटोमीटरवरच्या (एकेक पेशी वेगळी मोजणाऱ्या मशीनवरच्या) डीएचआर टेस्टमध्ये दोन वेगळे ढीग दिसतात. म्हणून आपली टेस्ट चाळणीसाठी, पक्कं करायला डीएचआर आणि मग जीन. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांवर तिथे बरंच काम होतं, संशयास्पद पेशंट अशा ठिकाणी पाठवायला लावा, स्वतःच्या प्लेटवरून निदान लिहू नका.

शेवटी फार्मसी कॉलेजवाल्यांसाठी. गुळवेल, तुळस, हळद यांचे अर्क न्यूट्रोफिलवर टाकून "इम्युनोमॉड्युलेटरी" लिहायची हौस आपल्याकडे फार आहे. करा, पण हळदीतलं कर्क्युमिन पिवळं का दिसतं? कारण ते निळा उजेड शोषतं, आणि त्याचं शोषण सगळ्यात जास्त ४२५ नॅनोमीटरच्या आसपासच असतं. म्हणजे पेशीला काही झालंच नाही तरी वेलमधला उजेड अर्ध्यावर येईल आणि तुम्ही लिहिणार की हळदीने बर्स्ट (पेशींचं हे पेटणं) दाबला. दुसरं म्हणजे यातले बरेच अर्क अँटिऑक्सिडंट असतात, ते पेशीला हात न लावता बाहेर आलेलं ऑक्सिडंट तिथल्या तिथे पिऊन टाकतात. त्यामुळे पेशी नसलेल्या वेलमध्ये ल्युमिनॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज घेऊन त्यात तोच अर्क तेवढ्याच मात्रेत टाका. इथेही उजेड तितकाच कमी झाला तर तुमच्या अर्काने पेशीचं काही केलंय हे सिद्ध होत नाही. आणखी एक वेल असा करा की पेशी अर्कात ठेवून, अर्क धुवून काढून, मग चेतवायच्या. धुतल्यावरही परिणाम टिकला आणि ट्रायपॅन ब्लूने पेशी जिवंत दिसल्या, तरच पुढे बोलायला काही आहे. मेलेल्या पेशीही उजेड देत नाहीत हे विसरू नका.

आवरताना रक्त लागलेलं सगळं हायपोमध्ये (सोडियम हायपोक्लोराइटमध्ये) अर्धा तास आणि मग बायोमेडिकल वेस्टच्या ज्या त्या रंगाच्या पिशवीत, पण हायपोची बाटली आणि ते पुसायचं फडकं प्लेटच्या टेबलापासून लांब ठेवा, हायपोक्लोराइटने ल्युमिनॉल पेशींशिवायच चमकतं आणि उद्याचे ब्लँक का वर गेले ते शोधत बसाल. इंजेक्टरच्या नळीत पीएमए चिकटून राहतं, ती आधी इथेनॉलने आणि मग भरपूर पाण्याने धुवा, आणि पुढच्या प्लेटला पेशींवर नुसता बफर इंजेक्ट केलेला एक वेल ठेवा, तो सपाट राहिला तर नळी स्वच्छ आहे.